मोबाइल सावध करील, पण विचारपूस कोण करणार?

दहावी-बारावीतले मूल चिडचिड करू लागले, खोलीचे दार लावून बसू लागले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : 'वयच असे आहे' आणि 'सगळा त्या मोबाइलचा दोष'. पहिले वाक्य बऱ्याचदा खरे असते. पण ही चिडचिड दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, आवडता खेळ सुटला, अभ्यासात लक्ष लागेनासे झाले, तर ते नैराश्य असू शकते. किशोरवयात नैराश्य अनेकदा रडण्यातून नव्हे, रागातून दिसते. म्हणूनच ते ओळखायला उशीर होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता.

ज्याला आपण दोष देतो, तो मोबाइल इथे काही प्रमाणात उपयोगीही पडू शकतो.

सर्वात सोपा मार्ग प्रश्नावलीचा. 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर नीट तपासणी हवी. समोरच्या माणसाला सांगताना अडखळणारी मुले पडद्यावर पटकन उत्तर देतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बाकीची बेरीज कितीही कमी असो, या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी कोणीतरी मुलाशी बोललेच पाहिजे.

दुसरा मार्ग न विचारता ओळखण्याचा. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरून दहा आठवडे त्यांची झोप, हालचाल आणि संभाषणाचा कालावधी नोंदवला गेला. कमी झोप व कमी संभाषण यांचा नैराश्याच्या लक्षणांशी संबंध दिसला. मात्र परीक्षेसाठी जागणाऱ्या किंवा तापाने पडून असलेल्या मुलाच्या नोंदीही अशाच दिसतील. ही धोक्याची सूचना झाली, निदान नव्हे.

तिसरा मार्ग उपचाराचा. मनात येणारा विचार तपासायचा आणि टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करायची, हे शिकवणाऱ्या उपचाराला 'सीबीटी' म्हणतात. न्यूझीलंडमध्ये तो 'स्पार्क्स' नावाच्या संगणकीय खेळातून शिकवला गेला. १८७ किशोरवयीनांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम लक्षणांत हा खेळ नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी ठरला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही २०२३ मध्ये मुलांसाठी काही डिजिटल सीबीटी कार्यक्रमांना, अधिक पुरावा गोळा होईपर्यंत, वापराची मुभा दिली. पण त्यात मार्गदर्शन करणारा माणूस सोबत असणे अपेक्षित आहे.

कारण यंत्राच्या मर्यादा गंभीर आहेत. आज उदास असलेल्या मुलाला काही महिन्यांपूर्वी तीन तास झोपूनही प्रचंड उत्साह होता का, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी होती का, हे पीएचक्यू-९ विचारत नाही. तसे असेल तर आजार द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर असू शकतो. अशा रुग्णाला केवळ नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. हा फरक घरच्यांशी बोलून डॉक्टरच करू शकतात.

प्रश्न गोपनीयतेचाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. मुलाला नेमके पालकांपासूनच मन लपवायचे असते, तेव्हा ही अट अवघड होते. म्हणून गुपचूप पाळत ठेवणारे अॅप मुलाच्या मोबाइलमध्ये घालणे हा उपाय नव्हे. विश्वास गेला की मूल बोलणेच बंद करते.

पालकांनी करायचे ते साधे आहे. भाषण न देता विचारा, 'झोप लागते का? हल्ली काही नकोसे वाटते का?' शंका आली तर 'मरावेसे वाटते का' हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट अनेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटे सोडू नका. गोळ्या आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. मोबाइलचा हा उपयोग सर्वात जुना आणि आजही सर्वात भरवशाचा आहे. तो कानाला लावायचा आणि पलीकडच्या माणसाशी बोलायचे.