गतिसंवेदक व उपस्थिती-संवेदक यांची निवड : बुलढाणा जिल्ह्यातील हवामान व घरांच्या संदर्भात

प्रस्तावना :

खोलीत माणूस आला की दिवा लागावा आणि माणूस गेला की पंखा बंद व्हावा, ही स्मार्ट घराकडून असलेली सर्वांत साधी अपेक्षा होय. ती पुरी करण्याचे काम एका लहानशा संवेदकाकडे असते. तो चुकला तर एरवी दिवा लागत नाही, एवढेच. परंतु मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आणि वृद्ध आई-वडील खामगाव, शेगाव वा मलकापूर येथील घरी, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांत 'घरात हालचाल आहे की नाही' हे दूरवर कळविण्याची जबाबदारीही याच संवेदकावर टाकली जाते. तेथे चूक महाग पडू शकते. म्हणून जिल्ह्यातील उन्हाळा व घरांची रचना यांचा विचार करून ही निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गती व उपस्थिती यांतील भेद :

हालचाल होणे आणि माणूस असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचनात गढलेला प्राध्यापक किंवा दुपारी झोपलेली आजी खोलीत उपस्थित असते, पण हालचाल जवळजवळ नसते. गतिसंवेदक अशा वेळी खोली रिकामी समजतो. उपस्थिती-संवेदक श्वासोच्छ्वासाने होणारी छातीची काही मिलिमीटरची हालचालही टिपू शकतो. निवडीचा पहिला प्रश्न म्हणूनच 'कोणता संवेदक चांगला?' असा नसून 'नेमके काय ओळखायचे आहे?' असा असावा.

अवरक्त संवेदक आणि वैशाखातील दुपार :

बाजारात सर्वाधिक आढळणारा गतिसंवेदक हा निष्क्रिय अवरक्त, म्हणजेच 'पीआयआर' प्रकारचा असतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. मानवी शरीरातून बाहेर पडणारे, मुख्यत्वे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण फ्रेनेल भिंगातून त्याच्या दोन घटकांवर पडते. माणूस आडवा चालत गेला की प्रारण आधी एका व मग दुसऱ्या घटकावर पडते आणि त्या बदलातून संकेत निर्माण होतो. सरळ संवेदकाच्या दिशेने चालत येणारा माणूस त्यामुळे तुलनेने उशिरा ओळखला जातो.

या संवेदकाला माणूस दिसतो तो पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानामुळे. त्वचेचे तापमान ३४ अंश सेल्सिअस व भिंतीचे २२ अंश मानल्यास, स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार दोघांच्या प्रारणांत दर चौरस मीटरला सुमारे ७४ वॅट इतका फरक पडतो. भिंत ३३ अंशांवर गेली की हाच फरक सुमारे ६.५ वॅट, म्हणजे एक-दशांशाहूनही कमी उरतो. भिंत त्वचेहून बरीच अधिक तापली तर उलट दिशेने फरक पुन्हा वाढतो. मधल्या पट्ट्यात मात्र संवेदकाचा पल्ला आक्रसतो. काही उपकरणांत तापमानानुसार संवेदनक्षमता वाढविण्याची सोय असते, पण तिच्यासोबत खोट्या संकेतांची शक्यताही वाढते.

जिल्ह्यात सर्वत्र ही अडचण सारखी नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. घाटाखालील पूर्णा खोऱ्यात, नांदुरा, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद या भागांत, उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नेहमीचे आहे. टिनपत्र्याचे छप्पर व दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. उष्माघाताचा धोका ज्या काळात सर्वाधिक, त्याच काळात हा संवेदक दुबळा होऊ शकतो, ही यातील गंभीर बाब होय.

मिलिमीटर-तरंग रडार :

उपस्थिती-संवेदक बहुधा २४ किंवा ६० गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी सोडून त्यांच्या परावर्तनातील बदल मोजतो. भिंतीच्या तापमानाचा त्यावर तसा परिणाम होत नाही. पण त्याच्याही मर्यादा आहेत. फिरता पंखा आणि कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा यांनाही तो माणूस समजू शकतो. प्लायवूडच्या पातळ विभाजक भिंतीतून लहरी आरपार जात असल्याने शेजारच्या खोलीतील व्यक्ती या खोलीत असल्याचे दाखविले जाते, तर पत्र्यावरून लहरी परावर्तित होऊन अनपेक्षित दिशेस जातात. संवेदकाचा पल्ला मर्यादित करणे व पंख्याचा भाग वगळणे या सोयी असलेले उपकरणच म्हणून घ्यावे.

वीज हाही निर्णायक घटक आहे. पीआयआर संवेदक अत्यल्प वीज घेत असल्याने लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. रडार-संवेदकास बहुधा अखंड पुरवठा लागतो. वीज गेली की तोही जातो, आणि इन्व्हर्टरवर राउटर जोडलेला नसेल तर संदेशही जात नाही.

जागेनुसार निवड :

जिना, ओसरी, व्हरांडा व शौचालयाकडे जाणारी वाट येथे बॅटरीवरील पीआयआर पुरेसा ठरतो. तो सुमारे २ ते २.५ मीटर उंचीवर, चालण्याची दिशा आडवी येईल असा बसवावा. थेट ऊन व कूलरचा झोत त्यावर पडू नये. अभ्यासिका व शयनगृह येथे रडार योग्य. वृद्धांच्या खोलीत दोन्ही प्रकार एकत्र वापरणे श्रेयस्कर होय. अशा जोडणीत दिवा लावण्यास कोणताही एक संकेत पुरेसा मानावा, पण 'खोली रिकामी आहे' हा निष्कर्ष दोन्ही संवेदक शांत असतील तरच काढावा.

निष्कर्ष :

खोक्यावर छापलेला पल्ला हा ठराविक परिस्थितीतील असतो. घाटाखालच्या घरासाठी खरी कसोटी मे महिन्यातील दुपार व रात्र हीच होय. संवेदक बसविल्यानंतर या दोन्ही वेळी खोलीत चालून, बसून व निजून त्याची पडताळणी करावी. संवेदकाचे मौन म्हणजे माणूस नसल्याचा पुरावा नव्हे. तसेच त्याने दिलेला 'उपस्थित' हा संकेत म्हणजे माणूस सुखरूप असल्याची हमी नव्हे. दूर राहणाऱ्या मुलांनी यंत्रावर विसंबतानाही शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक व रोजची विचारपूस सोडू नये.