वाड्याची वाट आणि चराईचा हक्क

दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडी, जत, फलटण या दुष्काळी पट्ट्यांतले धनगर मेंढपाळांचे वाडे हलू लागतात. इथे वाडा म्हणजे दगडी घर नव्हे. काही बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी आणि कुत्री एकत्र वाटचाल करतात, त्या सगळ्याला मिळून वाडा म्हणतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी नदीकाठच्या बागायती गावांकडे वळतं. मृगाच्या आत सगळे परत माळावर येतात.

ही चाल कशासाठी, हे आधी समजून घेऊ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या माळांवर वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर उगवणारं गवत मेंढीला पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस पुरतं. कोकणात चारा भरपूर, पण तिथल्या सततच्या ओलीत मेंढीचे खूर कुजतात आणि लोकर भिजलेलीच राहते. भात कापून झालं की मात्र तीच खाचरं मोकळी आणि कोरडी होतात. म्हणजे मेंढीला बारा महिने पोसणारी अशी एक जागा नाही. दोन जागा मिळून तिचं वर्ष पुरं होतं. चराईच्या हक्काचा सगळा प्रश्न या एका गोष्टीत आहे.

वाटेवर पोट चालतं ते मुख्यतः दोन गोष्टींवर. कोकरांची विक्री ही पहिली. दुसरी म्हणजे शेतात मेंढ्या बसवणं. वाड्यातली जाणती माणसं पुढे जाऊन शेतकऱ्याशी बोलणी करतात. किती रात्री बसायचं आणि त्याबदल्यात धान्य घ्यायचं की रोख, हे ठरतं. संध्याकाळी बायका बिऱ्हाड उतरवतात, चूल पेटवतात, कोकरांकडे बघतात. वाघर, म्हणजे जाळं, लावून कळप शेतात कोंडला जातो. रात्रभरात लेंड्या आणि मूत मातीत पडतं आणि खुरांनी तुडवलं जातं. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात सरकते. शेतकरी लवकर नांगर घालतो, कारण मुतातला नत्र उन्हात उघड्यावर राहिला तर उडून जातो. गाडीभाडं नाही, पसरण्याची मजुरी नाही, आणि शेत खतावलेलं!

आता जमिनीकडे वळू. वाड्याच्या वाटेवर तीन प्रकारची जमीन लागते, आणि प्रत्येकीवरचं नातं वेगळं असतं.

पहिली मालकीची. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आणि शब्द चालतो.

दुसरी गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 22 नुसार जिल्हाधिकारी गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवू शकतात. पण कलम 23 म्हणतं की ही चराई ज्या गावाची जमीन, त्याच गावाच्या गुरांपुरती. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच दिवसांत येणारा वाडाही कागदावर परकाच राहतो. गायरानं अतिक्रमणात जातात, तेव्हा त्या वाड्याचं म्हणणं कुठेच नोंदलेलं नसतं. सार्वजनिक वापराच्या गावजमिनींवरची अतिक्रमणं काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना दिला. तो महत्त्वाचा आहेच, पण वाचलेल्या जमिनीवर कोण चरणार, हा प्रश्न उरतोच.

तिसरी वनजमीन. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात परवानगीशिवाय जनावरं चारणं गुन्हा आहे. दंड, कोंडवाडा आणि तडजोडी मेंढपाळांना यातूनच माहीत झाल्या.

2006 च्या वनहक्क कायद्याने इथे एक दार उघडलं. त्याच्या कलम 3 मध्ये सामूहिक हक्कांत चराई आहे, आणि ती स्थायिकांची तशीच फिरत्यांचीही. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापरही तिथे स्पष्ट लिहिला आहे. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. वनहक्क समिती तो तपासते, आणि पुढे उपविभागीय व जिल्हास्तरीय समिती निर्णय घेते. पुराव्यात पारंपरिक चराईची कुरणं, पाणवठे, जुनी सरकारी कागदपत्रं आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात.

अडचण पुराव्याच्या काळाची आहे. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात आहे, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वास्तव्य आणि वनावरचं अवलंबन दाखवावं लागतं. जो दरवर्षी येतो आणि जातो, त्याने वास्तव्य दाखवायचं कसं? माझ्या मते उत्तर वाटेतच आहे. मुक्कामाच्या जागा, घाटवाटा, पाणवठे आणि ज्यांच्या शेतात मेंढ्या बसल्या त्या घरांतल्या म्हाताऱ्यांची आठवण हे सगळं महिन्यांसह नकाशावर उतरवायला हवं. शेतकऱ्याने मेंढपाळासाठी दिलेला जबाब ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ठरू शकते.

कायद्याच्या नियमांनीही ही चाल ओळखली आहे. पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच करावी, असं नियम सांगतात. मेंढपाळ ही जमीन आपल्या नावावर मागत नाही, ठरलेल्या दिवसांत येण्याचा आणि वेळेवर निघून जाण्याचा हक्क मागतो. त्याचा दावा ऐकायचा असेल तर ग्रामसभेने पडताळणीची तारीख ठरवताना एवढंच विचारावं: वाडा आपल्या शिवारात कधी असतो?