दुधावांचून एक महिना

गेल्या जानेवारींत आम्हां तिघां शिक्षकमित्रांमध्यें एक मौजेची पैज लागली. एकतीस दिवस मांस, मासे व अंडीं तर वर्ज्यच, परंतु दूध, दहीं, लोणी, तूप व मध हींहि घ्यावयाचीं नाहींत. जो नियम मोडील त्यानें इतर दोघांस स्वतःच्या हातचें पिठलें-भाकरीचें जेवण घालावें, असें ठरलें. अशा आहारास 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इ. स. १९४४ मध्यें डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांत प्रचारांत आणला. आणि जानेवारीभर असा आहार करून पाहण्याची चळवळ त्याच देशांत २०१४ पासून सुरू झाली. आमच्या पैजेची बातमी वर्गांत पोंचतांच विद्यार्थ्यांनीं प्रश्नांचा भडिमार केला. त्यांचीं उत्तरें येथें देत आहें.

पहिला प्रश्न असा कीं, दूध काढल्यानें गाय मरत नाहीं, मग तें सोडावयाचें कां? याचें कारण हें कीं, गाय व्याल्यावांचून दूध देत नाहीं. दूध चालू राहावें म्हणून ती पुनःपुन्हां गाभण राहावी लागते. वासराच्या वांट्याचें दूध आपण घेतों. आणि शेतांत ट्रॅक्टर आल्यापासून नर वासराचा उपयोग फारसा उरलेला नाहीं. हा व्यवहार ज्याच्या मनास खटकतो, तो दूध सोडतो. उलट, आपल्या जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी कुटुंबांचा रोजचा पैसा दुधावरच येतो, हेंहि विसरून चालावयाचें नाहीं.

दुसरा प्रश्न, असें पूर्वीं कोणी केलें आहे काय? केलें आहे, आणि तेंहि दोघां मित्रांनीं मिळून. दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मवर महात्मा गांधी व त्यांचे जर्मन ज्यू मित्र हर्मान कॅलनबॅक राहत असत. दूध इंद्रियनिग्रहास बाधक आहे असें गांधीजींस वाटे. शिवाय कलकत्त्याहून आलेल्या कांहीं लेखांत गाईम्हशींच्या छळाचीं वर्णनें त्यांनीं वाचलीं होतीं. दुधाच्या दोषांविषयीं आपण नेहमीं बोलतों, मग तें सोडीत कां नाहीं, असें कॅलनबॅक यांनींच सुचविलें, आणि १९१२ मध्यें दोघांनीं तेथल्या तेथें दूध सोडलें. १९१४ सालीं लंडनमध्यें गांधीजी आजारी पडले, तेव्हां पुण्याचे नामदार गोखले यांनीं डॉक्टरांचें ऐकून दूध घेण्याचा आग्रह केला. गांधीजींनीं विचारास चोवीस तास मागून घेतले व अखेर नम्रपणें नकार दिला. पुढें १९१८ च्या दीर्घ दुखण्यानंतर त्यांची प्रकृति अगदीं खालावली. तेव्हां ज्यांची समाधि आपल्या आगाखान राजवाड्याच्या आवारांत आहे, त्या कस्तुरबांनीं तोड काढली कीं, नियम करतांना मनांत गाय व म्हैस होती, बकरी नव्हती. गांधीजी बकरीचें दूध घेऊं लागले. परंतु शब्द पाळला तरी नियमाचा प्राण गेला, अशी टोंचणी त्यांस लागून राहिली, आणि ती त्यांनीं आत्मचरित्रांत लपविली नाहीं.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. डाळ व धान्य एकत्र खाल्ल्यानें प्रथिनें मिळतात. १०० ग्रॅम गाईच्या दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच नाचणींत ३०० हून अधिक. अडचण आहे ती बी-१२ जीवनसत्त्वाची. तें सूक्ष्म जंतूच तयार करतात, वनस्पति करीत नाहींत. त्याच्या अभावीं रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार होतात. निरोगी मनुष्याच्या यकृतांत त्याचा दीर्घकाळ पुरणारा सांठा असतो, म्हणून महिनाभरांत सहसा अपाय होत नाहीं. परंतु कायम असा आहार करणारानें त्याची गोळी घेणें अवश्य आहे. हें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें गेलें तें १९४८ सालीं; गांधीजींच्या प्रयोगाच्या वेळीं तें कोणासच ठाऊक नव्हतें. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्यांनीं तर वडीलधाऱ्यांस व डॉक्टरांस विचारल्यावांचून असा प्रयोग करूं नये.

आतां आमची हकीकत. पिठलें, ठेचा, मटकीची उसळ, तेलांतली साबुदाण्याची खिचडी, तिळगूळ, सोलकढी, हें सारें पूर्वींपासूनच आमच्या नियमांत बसणारें निघालें. जड गेलें तें तुपावांचून वरणभात आणि अमृततुल्यावरून सरळ पुढें जाणें. कॅम्पांतील श्रूजबरी बिस्किटांत लोणी असतें, हें ठाऊक असूनहि कधीं ध्यानांत घेतलें नव्हतें.

एकविसाव्या दिवशीं मी एका गैरहजर विद्यार्थ्याच्या घरीं चौकशीस गेलों. त्याची आई धुण्याभांड्यांचीं कामें करते. "सर, बसा, चहा टाकते," असें म्हणून, मी कांहीं बोलण्यापूर्वींच तिनें धाकट्या मुलीस दुधाची पिशवी आणावयास पिटाळलें. ती पिशवी माझ्याकरितां आणली होती. कोरा चहा चालेल असें म्हणावयास जीभ रेटेना. मीं चहा घेतला. वाटेंत मनानें पळवाट सुचविली कीं, पाहुणचार नियमांत धरलेलाच नव्हता! तेव्हां बकरीच्या दुधाची ती गोष्ट आठवली. दुसऱ्या दिवशीं मित्रांस सर्व सांगितलें व रविवारीं पिठलें-भाकरी केली. भाकऱ्या करपल्या, पण दोघांनींहि त्या खाल्ल्या.

विद्यार्थिमित्रांनो, पैज मी हरलों, याचें दुःख नाहीं. चहा घेण्यांत चूक झाली असें मला अजूनहि वाटत नाहीं. ती पळवाट मित्रांपुढें मांडली असती, तर मात्र चूक झाली असती. ताटांत काय घ्यावें हें ज्यानें त्यानें विचारपूर्वक ठरवावें. परंतु जें ठरविलें तें मोडलें, तर मोडलें असें सरळ सांगावें.