गेट कोणी उघडं ठेवलं? : साध्या तक्रारीतून संशोधनप्रश्न कसा काढायचा

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "विषय आहे, पण संशोधनप्रश्न कसा काढायचा?" आज याचं उत्तर प्रयोगशाळेतून न देता एका गेटवरून देते. त्या गेटपायी माझी मेथी-कोथिंबीर जाता जाता वाचली, म्हणून ते चांगलं लक्षात आहे.

मी सध्या इंग्लंडमध्ये पीएचडी करते. इथे 'अलॉटमेंट' नावाची पद्धत आहे. मोठ्या जागेचे छोटे तुकडे पाडून ते वार्षिक भाड्याने लोकांना भाजीपाल्यासाठी देतात. जागा बहुतेक वेळा नगरपालिकेची असते आणि या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे १९०८ चा कायदा. पारंपरिक पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत अडीच गुंठे. माझ्याकडे त्यातला अर्धा आहे. सगळ्यांना मिळून एकच गेट, त्याला साखळी आणि चार आकड्यांचं कुलूप. आकडा सगळ्या सभासदांना माहीत.

गेल्या वर्षी तिथे दोन शेड फोडल्या गेल्या, अवजारं चोरीला गेली. गेट अनेकदा उघडं सापडतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. समितीने निष्कर्ष काढला: "नवीन सभासद निष्काळजी आहेत." आणि प्रस्ताव आला की नवीन सभासदांनी संध्याकाळी सहानंतर आत यायचं नाही. मी नवीन, आणि लॅबमधून सुटते साडेसहाला! म्हणजे माझी शेती बंदच.

राग आला, पण रागाने वाद जिंकता येत नाही. मग वही काढली.

पायरी १ : तक्रार आणि प्रश्न वेगळे करा

"गेट कोण उघडं ठेवतं?" ही तक्रार झाली, कारण तिच्यात उत्तर आधीच धरलेलं आहे: कोणीतरी एक दोषी आहे. संशोधनप्रश्न असा होईल: "गेट कोणत्या परिस्थितीत उघडं राहतं?" आता माणसाऐवजी परिस्थिती हे चल झालं. वेळ, पाऊस, गाडी आत आणणं, आत आणखी कोणी आहे की नाही, ही सगळी मोजता येतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'कोण' असेल तर त्याच्या जागी 'कधी' किंवा 'कशामुळे' घालून बघा. बऱ्याचदा प्रश्न तिथेच सुटसुटीत होतो.

पायरी २ : आधी कागदावर गणित

समजा सगळेच सभासद काळजी घेणारे आहेत. प्रत्येक जण १०० पैकी ९८ वेळा नीट कुलूप लावतो. दिवसभरात गेटमधून ४० वेळा ये-जा होते. (हे आकडे मी गृहीत धरलेत, मोजलेले नाहीत.) मग दिवसात एकदाही गेट उघडं न राहण्याची शक्यता ०.९८ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे ०.४५. याचा अर्थ ५५ टक्के दिवशी गेट एकदा तरी उघडं राहणारच. तेही एकही माणूस निष्काळजी नसताना! काळजी ९९ टक्क्यांवर नेली तरी दर तीन दिवसांतून एकदा हे होईल.

थोडक्यात, "गेट वारंवार उघडं सापडतं" यावरून "कोणीतरी बेजबाबदार आहे" हे सिद्ध होत नाही. निरीक्षण खरं असून निष्कर्ष चुकीचा असू शकतो, हे व्हायव्हात विचारतात बरं का!

इथे एक गृहीतक लपलंय, ते स्वतःच सांगून टाका: प्रत्येकाची चूक स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात अंधारात किंवा पावसात सगळ्यांच्याच चुका एकदम वाढतात.

पायरी ३ : वाचन, पण जपून

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांचा सामायिक संपत्तीच्या शोकांतिकेवरचा गाजलेला लेख आला. सार असं की सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, त्यामुळे त्याची नासाडी होते. त्याच वर्षी डार्ली आणि लाताने यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकू आल्यावर, आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटल्यावर हेच प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. १९८५ मध्ये आंद्रेआस डीकमान यांनी 'स्वयंसेवकाचा पेच' गणितात मांडला: काम एकानेच करायचं असेल, तर माणसं वाढली की प्रत्येकाची ते करण्याची शक्यता घटते.

मोह होतो की यातलं एक नाव घ्यावं आणि विषय संपवावा. पण थांबा. डार्ली-लाताने यांचा प्रयोग आणीबाणीचा होता, आमचं गेट रोजचं. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. वाचनातून गृहीतक मिळतं, उत्तर नाही.

पायरी ४ : नियम नीट वाचा

गेटवर पाटी होती: 'शेवटी जाणाऱ्याने कुलूप लावावे.' ऐकायला ठीक. पण मी शेवटची आहे हे मला कळणार कसं? मध्ये उंच कुंपणं, शेड, वेलींचे मांडव. पलीकडच्या टोकाला कोणी वाकून बटाटे काढत असेल तर दिसतच नाही. दोघं पाच मिनिटांच्या अंतराने निघतात, दोघांनाही वाटतं दुसरा अजून आत आहे, आणि गेट रात्रभर उघडं. दोघांनीही नियम पाळलाय! हा नियम माणसाकडून जी माहिती मागतो ती माहिती कोणाकडेच नाही.

दुसरी गोष्ट कुलुपाची. घाईत लोक एकच चाक थोडं फिरवून निघून जातात. चार चाकांचे एकूण १०,००० आकडे होतात. एकाला ५ सेकंद धरले तर सगळे तपासायला जवळपास १४ तास. पण एकच चाक हललेलं असेल तर शक्यता उरतात ४ गुणिले ९, म्हणजे फक्त ३६. तीन मिनिटांचं काम.

पायरी ५ : नोंद, आणि तिची मर्यादा

मग समितीला सांगून सहा आठवडे नोंदी केल्या. वेळ, कुलूप लावलंय का, चाकं किती फिरवलीत, पाऊस. कोणाचंही नाव लिहायचं नाही हे आधीच ठरवलं, कारण नावं लिहिली असती तर ती वही संशोधनाची न राहता चुगलीची झाली असती. उघडं गेट बहुतेक वेळा आत कोणीतरी असतानाच सापडलं. पण मी जाते संध्याकाळीच, म्हणून सकाळबद्दल माझी वही काहीच सांगू शकत नाही. ही मर्यादा बैठकीत मी आधी सांगितली आणि मगच बाकीचं बोलले. नवल म्हणजे त्यामुळेच लोकांनी ऐकून घेतलं.

शेवटी पाटी बदलली: 'आत येताना आणि जाताना, प्रत्येक वेळी कुलूप लावा. चारही चाकं फिरवा.' आता शेवटचा कोण हे ओळखायची गरजच नाही. आकडा सगळ्यांना माहीत असल्याने कोणी आत अडकत नाही. सभासद सोडून गेला की आकडा बदलायचा, आणि कोणी चुकलं तर पहिल्यांदा फक्त आठवण करायची, हेही ठरलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात टिकून राहिलेल्या सामायिक व्यवस्थांची जी आठ तत्त्वं मांडली, त्यात हे बसतं: सभासद कोण हे स्पष्ट असावं, नियम जागेला साजेसे असावेत, देखरेख आपल्यातल्यांनीच करावी, शिक्षा पायरीपायरीने वाढावी. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहानंतरच्या बंदीचा प्रस्ताव मागे पडला. त्यानंतर चोरी झालेली नाही, पण ती पाटीमुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही. तुलनेला दुसरं गेट नव्हतं आणि चोऱ्या मुळातच दोन. एवढ्यावर कार्यकारणभाव ठरत नाही.

आता तुमची पाळी. हॉस्टेलचा पाण्याचा नळ, लायब्ररीतला पंखा, लॅबमधला उघडा राहणारा फ्रीज, यातलं एक निवडा. एका वाक्यात तक्रार लिहा, खाली संशोधनप्रश्न, आणि त्याखाली 'माझी नोंद काय सांगू शकणार नाही' हेही लिहा. तिसरं वाक्य लिहिता आलं, तर समजा तुमची सिनॉप्सिस सुरू झाली.