कढईतील तेल, अंड्याचे टरफल आणि डिझेल

पावसाळा सुरू झाला, की लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा रस्ता पर्यटकांनी फुलून जातो. टपऱ्यांवर कांदाभजी आणि वड्यांचे घाणे दिवसभर निघत राहतात. शेजारच्या गाडीवर अंडाभुर्जी होत असते. सायंकाळी उरते ते काळवंडलेले तेल आणि अंड्यांची टरफले. या दोन टाकाऊ वस्तूंच्या संयोगातून डिझेल इंजिनाला चालणारे इंधन तयार होऊ शकते.

जळके तेल गटारात ओतल्यास गटारे तुंबतात आणि मावळातून वाहणारी इंद्रायणी दूषित होते. तेच तेल पुनःपुन्हा तापविल्यास त्यात आरोग्यास अपायकारक अशी ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल तळणासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. मग या तेलाचे करावयाचे काय?

तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले ग्लिसरीनशी जोडलेली असतात. गाळून, पाण्याचा अंश काढलेले तेल मेथॅनॉलबरोबर सुमारे ६० अंश सेल्सिअस तपमानावर ढवळले, की ग्लिसरीन सुटे होऊन तळाशी बसते. मेदाम्ले मेथॅनॉलशी जोडली जाऊन जे पातळ द्रव्य बनते, तेच बायोडिझेल होय. रासायनिक हिशेबाने १०० किलो तेलापासून जवळजवळ तितकेच बायोडिझेल आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन मिळते.

ही क्रिया वेगाने होण्यास उत्प्रेरक लागतो. सामान्यतः कॉस्टिक सोडा वापरतात; परंतु तो मेथॅनॉलसह मिसळून जातो आणि इंधन धुण्यास पुष्कळ पाणी खर्च होते. येथे टरफल उपयोगी पडते. कोकणात शिंपले भाजून चुना करीत, त्याचप्रमाणे टरफले सुमारे ९०० अंशांवर भाजली, की त्यांची चुनकळी होते. ही घनरूप असल्याने गाळून पुन्हा वापरता येते. मात्र हवेतील ओलाव्याने तिचा जोर कमी होतो, म्हणून ती बंद डब्यात ठेवावी लागते. फार आंबलेल्या तेलातील सुटी मेदाम्ले चुन्याशी मिळून साबण बनवितात. असे तेल आधी आम्लप्रक्रियेने शुद्ध करावे लागते.

मेथॅनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हा उद्योग घरी करावयाचा नव्हे. उपाहारगृहचालकाचे काम सोपे, पण मोलाचे आहे: थंड झालेले तेल वेगळ्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच सोपविणे. स्वस्तात दुसऱ्या टपरीला विकलेले तेल पुन्हा कोणाच्या तरी ताटात येते; संकलकाकडे गेलेले तेल गाडी चालविते.