पाय अडतो, ठेका सोडवतो

पार्किन्सन्सच्या रुग्णाचं पाऊल कधी कधी दारातच थिजतं. पायांत ताकद असते, पण पाऊल उचलत नाही. घरचे "चला, चला" करतात, त्याने गोंधळ वाढतो. अशा वेळी कुणी टाळीने ताल धरला, तर बऱ्याच जणांचं तेच पाऊल पुढे पडतं!

सवयीच्या हालचालींची लय मेंदूच्या आतला बेसल गँग्लिया हा भाग सांभाळतो. डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी पडलं की तिथला ताल चुकतो. मग बाहेरचा ठेका कानावाटे मदतीला येतो. १९९६ साली मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे मोजून दाखवलं. ठेका ठळक केलेल्या संगीतावर रोज अर्धा तास, तीन आठवडे चालल्यावर रुग्णांचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला.

विलंबित ख्याल मात्र इथे कामाचा नाही (मला कितीही आवडो). त्याची लय फार संथ; चालायला प्रत्येक ठोका स्पष्ट कळायला हवा. ठेक्यावर नाचताही येतं: पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही घेतले आहेत.

ठेका हा आजारावरचा इलाज नाही, औषधं चालूच ठेवा. ठेक्याचा वेग फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या आणि सुरुवातीला कुणीतरी सोबत असू द्या.