कुल्फीवरचे कुरकुरीत कवच

उन्हाळ्यात आमचे आप्पा एस.टी. स्टँडसमोर कुल्फीची गाडी लावतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुले 'मलई द्या' म्हणत, आता येताच 'चॉकलेटवाली आहे का?' असे विचारतात. 'नाही' म्हटले की समोरच्या दुकानातील काचेच्या पेटीकडे वळतात. माझ्या कॉलेजची फी याच गाडीवर निघते, तेव्हा हा विषय वार्षिकात शोभतो की नाही याचा फारसा विचार न करता मी तो लिहीत आहे.

प्रथम आम्ही बाटलीतले चॉकलेट सिरप ओतून पाहिले. ते निम्मे ओघळून गेले आणि उरलेले चिकट झाले. कुरकुरीतपणाचे नाव नाही. सिरप म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी, मग ते कडक कसे होणार? कडक होते ती चरबी. अमेरिकेत आयोवा राज्यातील ओनावा गावी ख्रिश्चन नेल्सन या दुकानदाराला १९२० साली हाच प्रश्न पडला होता. दुकानात आलेल्या एका मुलाला आईस्क्रीम घ्यावे की चॉकलेट हेच ठरवता येईना, म्हणून नेल्सनने दोन्ही एकत्र करायचे ठरवले. पण चॉकलेट आईस्क्रीमला धरेना. कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतील चरबीचे प्रमाण सांभाळल्यावर ते धरले, आणि १९२२ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

आपल्याकडे कोको बटर महाग; पण खोबरेल तेल घरोघरी आहे. थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते आणि आई ती उन्हात ठेवते, हे कोणी पाहिलेले नाही? साधारण २४ अंश सेल्सिअसखाली ते घट्ट होऊ लागते. कुल्फी शून्याच्याही खाली, त्यामुळे खोबरेल मिसळलेले चॉकलेट तिच्यावर पडताच काही सेकंदांत कडक होते, आणि तोंडाच्या उबेने लगेच विरघळते. आमच्या स्वयंपाकात करडईचे तेल, म्हणून मी आधी तेच घातले. ते थंडीतही पातळच राहते. कवच मऊ पडले आणि बोटांना लागले.

प्रमाण असे: १०० ग्रॅम चॉकलेटला दोन मोठे चमचे खोबरेल. (खाण्याचे! मोगऱ्याच्या वासाचे केसांचे तेल नव्हे. हे सांगावे लागते, कारण धाकट्या भावाने तीच बाटली पुढे केली होती.) पातेल्यात पाणी गरम करून खाली उतरवावे आणि वर कोरडी वाटी ठेवून त्यात चॉकलेटचे तुकडे ढवळत विरघळवावेत, मग तेल घालावे. पाणी उकळत ठेवू नये. पहिल्या दिवशी मी ते खदखदू दिले. वाफेचे थेंब वाटीत गेले आणि क्षणात सगळे चॉकलेट रवाळ, घट्ट गोळा झाले. पाव किलो चॉकलेट होते; आप्पांची दिवसभराची कमाई. थोड्या ओलाव्याने साखरेचे कण एकमेकांना चिकटतात म्हणून असे होते, हे मला नंतर कळले. आप्पा रागावले नाहीत. 'पुस्तकात नव्हतं का गं हे?' एवढेच म्हणाले. ते मला जास्त लागले. त्या गोळ्यात गरम दूध घालून आम्ही सगळ्यांनी तो पिऊन संपवला.

कुल्फी साच्यातून काढताना साचा पाण्यात बुडवतात, त्यामुळे तिच्यावर पाण्याचा पातळ थर येतो. त्यावर चॉकलेट घसरते. म्हणून काढलेली कुल्फी पुन्हा दहा-पंधरा मिनिटे बर्फपेटीत ठेवून मगच बुडवावी. मिश्रण कोमट असावे, गरम नाही.

आता त्यावरच्या कुरकुरीची गोष्ट. चिक्कीचा चुरा नुसता टाकला तर गूळ पाणी ओढून घेतो आणि थोड्याच वेळात चुरा चिकट होतो. चुरमुऱ्यांचे तर विचारूच नका. पण चुरमुरे कढईत कोरडे भाजून, गार करून चॉकलेटमध्ये घोळवले, ताटात पसरून घट्ट होऊ दिले आणि मग हाताने मोडले, तर ते कुरकुरीत राहतात. चरबीच्या थरातून पाणी सहज आत शिरत नाही. नेपल्समधील स्पिका या इटालियन कारखान्याने १९५९ साली आईस्क्रीमचा कोन मऊ पडू नये म्हणून आतून तेल, साखर व चॉकलेटचा थर दिला, तो याच कारणाने. आम्ही शेंगदाण्याचे कूटही घोळवून पाहिले. माझ्या मते चुरमुरेच सरस, आणि स्वस्तही. आप्पांचे मत शेंगदाण्याकडे आहे, म्हणून गाडीवर दोन्ही डबे असतात.

चॉकलेट घेताना वेष्टन वाचावे. काहींत कोको बटर असते, काहींत त्याऐवजी वनस्पती तेल. दुसरे चवीला जरा कमी, पण स्वस्त असते. आम्ही दोन्ही निम्मेनिम्मे घेतो.

मे महिन्यात गाडीवर स्टोव्ह लागत नाही. उन्हानेच मिश्रण पातळ राहते. डिसेंबरात ते डब्यातच घट्ट होते, तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो, आणि झाकण घट्ट आहे की नाही हे आप्पा आता स्वतः दोनदा पाहतात.